तळमजल्यावरच्या काकांचं विरजण

नारायणगुड्यातल्या आमच्या इमारतीत कुणाला अँटिबायोटिक सुरू झालं, की तळमजल्यावरचे काका स्टीलचा डबा घेऊन हजर. डब्यात दही, काकूंच्या विरजणाचं. काकू गेल्या, पण काकांनी ते विरजण बंद पडू दिलेलं नाही.

"औषधानं पोटातले वाईट जंतू मरतात, चांगलेपण मरतात," ते दारातूनच सांगतात. "डॉक्टरनं प्रोबायोटिकच्या गोळ्या दिल्या तर नक्को म्हणू नका. पण दही खावा, हल्लू हल्लू." आपण दोन घास खाईपर्यंत जागचे हलत नाहीत. मला याचा कधी कधी वैताग यायचा. निघताना वर बजावतात, "सगळं संपवू नका, विरजणाला ठेवा."

गेल्या महिन्यात काकाच दवाखान्यात होते. परत आले तोवर घरातलं दही नासलेलं. रिकामी वाटी घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. मी न विचारता वाटीत दही घातलं. त्यांनी बोटानं चाटून बघितलं.

"आंबट केलंत हो," ते कुरकुरले.

मग तळहातानं वाटी झाकून जिना उतरताना स्वतःशीच म्हणाले, "पण तिचंच आहे."