टोपरं घातलेला कुत्रा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते दुर्गच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या गुरुजींचे. त्यांच्या ओसरीवर राहून मी मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तोही त्यांच्याच आग्रहाने. निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला जाताना त्यांनी आपला म्हातारा कुत्रा माझ्या हवाली केला. मी भिलाईत कारखान्याच्या उभारणीवर नुकताच लागलो होतो, आईलाही आणले होते.

"तुझ्यासारखाच आहे," गुरुजी म्हणाले. "खातो कमी, ऐकतो जास्त."

पुढल्याच उन्हाळ्यात त्याच्या एका कानाची पाळी पुरीसारखी टम्म फुगली. मी त्याला दुर्गला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. पाळीत रक्त साचले होते. कापून टाके घालता आले असते, पण या वयात त्याला भूल सोसेल असे त्यांना वाटेना. त्यांनी सुईने रक्त काढले, कान डोक्याशी सपाट बांधून ठेवायला सांगितले आणि कानात घालायला थेंब दिले.

सूज पाळीला, मग औषध आत कशाला, असे म्हणून मी थेंब चार दिवसांत बंद केले. पट्टी तर तो तासाभरात झटकून टाकी. कान पुन्हा भरला.

"थेंब चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारले. ते चार दिवसांतच सोडल्याचे मी सांगितले. मग त्यांनी समजावले: आत खाज होती म्हणून तो डोके झटकत होता, आणि झटकून झटकूनच पाळीत रक्त उतरत होते. मला गुरुजींसमोर उभे असल्यासारखे वाटले.

पट्टीचा प्रश्न आईने सोडवला. जुन्या लुगड्याचे टोपरे शिवले, बऱ्या कानाला भोक ठेवून. "बीएस्सी झाला, अन् टोपरं बांधता येत नाही तुले."

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकू, बारसं कधी?"

"नाव सापडून नाही राहिलं," आई म्हणाली.

टोपरे टिकले. थेंब मी एकदाही चुकवले नाहीत. कानाची सूज ओसरली, पण पाळी आकसली. गुरुजींना हे कसे कळवावे, या विचारात आठ दिवस गेले. मग लिहिले:

"तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. आपल्या कुत्र्याचा कान सुजला होता, तो न कापता बरा झाला. औषध मी मध्येच बंद केले म्हणून त्याला जास्त दिवस सोसावे लागले. चूक माझी. पाळी थोडी चुरगळलेलीच राहील. ऐकू पूर्वीसारखेच येते. काल आई बोलता बोलता 'गुरुजी' म्हणाली, तर तो उठून फाटकापर्यंत गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. दिवाळीला यावे, ही विनंती."