राखणदाराला आधी हाक मारली, ती तिला ऐकू आली

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून तुमचा माझ्यावरचा उडेल, पण तसा तो ठेवावा असा मी नाहीच. त्या दिवशी अंधेरीच्या स्कॅन सेंटरमध्ये अटेंडंटने हातात निळा गाऊन दिला आणि मी मुकाट्याने घालून आलो. मागून जवळजवळ उघडा. गाऊन होता शैलासाठी... पेशंट ती, मी नुसता सोबतीला. शैला इतकी हसली की हातातली काठी पडली.

शैला माझी धाकटी बहीण, मुलुंडला असते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जासंस्थेचा आजार. चाल थोडी बिघडलीय, पण खरा त्रास थकव्याचा. चार कपडे वाळत घातले की आडवी. चेहरा मात्र टवटवीत, त्यामुळे सासरी-माहेरी सगळे म्हणायचे, नाटकं आहेत. सगळ्यांत मीही आलो. शेवटी तिने एका रिसर्चमध्ये नाव दिलं. एमआरआयमध्ये झोपवून मेंदू किती ऑक्सिजन वापरतो ते मोजणार होते. "दादा, मी खरंच थकते की कारणं सांगते, ते मला एकदा बघायचंय," म्हणाली.

पण आधी दोनदा ती आत घाबरून, हातातला इशाऱ्याचा रबरी बल्ब दाबून बाहेर आली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी. चाळीस मिनिटं, न हलता.

जाड दार बंद झालं, मशीन धडधडायला लागलं. मी कॉरिडॉरच्या टोकाला... काय करावं सुचेना. आमच्या गावी काम अडलं की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवांना मानाप्रमाणे हाका मारायच्या, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घालायचे ते बाबा. मी जन्मात कधी घातलं नव्हतं. तरी मनातल्या मनात, ओठही न हलवता सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत माती खाल्ली. आधी ग्रामदेव रवळनाथ, मग वेशीवरचा राखणदार, असा मान. मी राखणदाराला आधी बोलावलं! माफी मागून पुन्हा पहिल्यापासून घातलं.

शैला पूर्ण स्कॅन करूनच बाहेर आली. जराही हलल्या नाहीत, टेक्निशियन म्हणाला. ती कानातले बोळे काढत माझ्याकडे बघून म्हणाली, "राखणदाराला आधी कसला बोलावतोस रे? बाबांनी कान पिळला असता. दुसऱ्यांदा नीट घातलंस, मग मी आतून व्हय म्हाराजा म्हणत राहिले."

मी तिची काठी तिच्या हातात दिली, तीही उलटी.

पंधरा दिवसांनी रिसर्चवाल्या मॅडमनी स्क्रीनवर रंगीत चित्र दाखवलं. मेंदू हवा तेवढा ऑक्सिजन वापरत नाहीये. थकव्याशी त्याचा संबंध कसा, तेच आम्ही शोधतोय, म्हणाल्या. शैलाने विचारलं, "म्हणजे नाटक नाही ना?"

"अजिबात नाही."

अंधेरी ते मुलुंड, रिक्षात बाईसाहेबांनी एकेकाला फोन लावून हे ऐकवलं. सासूबाईंना स्पीकरवर. बाजूला बसलेल्या मलासुद्धा, वेगळं. चषक जिंकून आणल्यासारखी बसली होती, आणि मीही उगाच कॅप्टनसारखा.

पण बंद दार, कानात बोळे, वर हेडफोन, आणि मी तर आवाजच काढला नव्हता... माझी चूक तिला कळली कशी? डोकं खाजवून थकलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही न बोललेलं तिला ऐकू आलं, याचं एवढं काय घेऊन बसलात? पाच वर्षं ती बोलून सांगत होती, ते आपल्याला कसं नाही आलं, ते सांगा."