पोरीचे बूट आणि बाकी राहिलेल्या पायऱ्या

"दोन दिवसांत काय काय बघावं, मावशी?" माझ्या लॉजवर उतरलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. चीनमधल्या या थायआनमध्ये जन्म गेला, तेच तेच सांगून तोंड झिजलं माझं. पहिल्या दिवशी मोठ्या देवळातले जुने वृक्ष बघा, कोबी-टोफूचा रस्सा प्या, माझ्या दारात तवा मांडून बसणाऱ्या शेजारणीच्या, ऐझनच्या हातचं धिरडं कांद्याची पात गुंडाळून खा. दुसऱ्या दिवशी थाय पर्वत. "बसनं अर्ध्यावर जा, पुढं रोपवे आहे," असं मी सांगायची. "गुडघे काय भाड्यानं आणलेत?"

एवढं बोलले की तव्यामागून ऐझन ओरडायची, "पायी जा! त्या रोपवेत पाऊल टाकू नका!"

पाहुणे हसायचे. एकानं तर विचारलं, "आजी, रोपवेवाल्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" ती खाली मान घालून धिरडं उलटत राहिली.

तिचं काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं. ते माझ्यामुळंच गेलं होतं.

लग्नानंतर दहा वर्षं ऐझनची कूस उजवली नाही. शेवटी ती पायी डोंगर चढली, वरच्या देवीच्या देवळात गेली; आम्ही त्या देवीला आजीच म्हणतो. तिथल्या मातीच्या बाळाच्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि ते जाकिटात लपवून घरी आणलं. वाटेत मागं बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, अशी रीत. देवीला बोलली होती, "लेकराला बारावं लागलं की एकेक पायरी चालवत तुझ्या पायाशी आणीन." पुढच्या वर्षी मुलगी झाली. नाव ठेवलं लिऊ, म्हणजे राहा, जाऊ नकोस.

काय पोर होती! माझ्या पाहुण्यांना धिरडं गुंडाळायला शिकवायची. "असं नाही हो काका, पात पळाली तुमची!"

तिला बारावं लागलं त्या वर्षी तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला, आजीच्या वाढदिवशी, जायचं ठरलं. नेमका ऐझनचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. "पुढच्या वर्षी नेते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बारावं सरल्यावर कसला नवस? आजी काय दारात बसून पायऱ्या मोजतेय? ने तिला रोपवेनं!"

जिभेला हाड नसतं. त्या दोघी रोपवेनं गेल्या. संध्याकाळी लिऊ उड्या मारत आली, "काकू, ढग आमच्या पायाखाली होते!"

एकोणिसाव्या दिवशी तिला ताप भरला. तो मेंदूत गेला आणि तीन दिवसांत पोर संपली. ऐझन रडली नाही. माझ्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, पायऱ्या बाकी राहिल्या." मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मी निदान भांडले असते.

तेव्हापासून दर वर्षी त्या पौर्णिमेला ती लिऊचे कापडी बूट छातीशी बांधून डोंगर चढायला निघायची. बूट पायी वर पोचले की पोरीचा नवस फिटेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण गुडघा दगा द्यायचा. कधी अर्ध्यातून परत, कधी शेवटच्या चढाच्या तळातून. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून. अशी एकोणीस वर्षं.

यंदा डॉक्टर म्हणाले, हा गुडघा आता संपला. ती माझा हात धरून म्हणाली, "एकदाच, वहिनी. पोर तिथं पायऱ्यांवरच अडकलीय हो."

एकाहत्तराव्या वर्षी मी तिच्याबरोबर निघाले. शेवटच्या उभ्या चढाशी ती बसली. उठली, पुन्हा बसली. मग छातीवरची गाठ सोडून बूट माझ्या हातात ठेवले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याबद्दल बोलली.

"तुम्ही पाठवलं होतंत. तुम्हीच न्या."

मी चढले. कठड्याला धरून, रांगत चढले. दोनेकशे पायऱ्या उरल्या आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. एका हमालानं आपलं ओझं टेकवलं आणि मला पाठुंगळी घेतलं. 'उतरव मला' म्हणायचं होतं. म्हटलं नाही. वर आजीच्या पायाशी बूट ठेवून मी गळा काढला, "पोरीला सोड गं बाई, राहिलेल्या पायऱ्या माझ्या नावावर घाल."

खाली आले तर ऐझन त्याच पायरीवर बसलेली.

"सगळ्या चढलात?"

"सगळ्या."

"एकही सुटली नाही ना?"

"एकही नाही गं."

माझ्या मांडीत तोंड खुपसून ती पोटभर रडली. "पोचली माझी बाय, पोचली," म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

आता ती पाहुण्यांना सांगते, "रोपवेनं जा बाळांनो, गुडघे जपा." आणि आतून मी ओरडते, "पायी जा! एकेक पायरी पायी जा!"

पाहुणे चमकून बघतात. ऐझन धिरडं उलटते आणि हसत म्हणते, "लक्ष देऊ नका. म्हातारपणी वहिनींचं डोकं फिरलंय."