माझ्यापुढचा एकच वाल

धाकट्या जावेला प्रशिक्षणाला नेलं ते मीच. शहापूरला शेतकरी बायकांना पुढारपण शिकवणार होते आणि मुरबाडहून एसटीनं एकटीनं जायचा मला कंटाळा. तिथं माईकवर बोलले मी, गटाचं गाणं बसवलं मी. ही मागच्या खुर्चीत बसून डुलक्या काढायची. प्रमाणपत्र मात्र दोघींना सारखंच मिळालं. तेव्हापासूनच मला ते खुपत होतं.

वर्षानं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मॅडम गावात आल्या. त्या शिकण्याचा उपयोग काय झाला, ते त्यांना बघायचं होतं. जिचं काम दिसेल, ती पुढच्या वेळी इतर गावांतल्या बायकांना शिकवायला जाणार होती. ती मीच, असं मी धरून चालले होते. ठेवणीतली साडी नेसून समाजमंदिरात सतरंजीही मीच अंथरली.

मॅडमनी कुणाला भाषणच करू दिलं नाही. प्रत्येकीच्या हातात वालाचा एक दाणा दिला आणि म्हणाल्या, "शेतात अडलं तर पहिली हाक जिला मारता, तिच्यापुढे ठेवा. स्वतःपुढे नाही."

बायका उठल्या त्या सरळ धाकटीकडे. माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या तिच्याकडेच का गेल्या, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे भातलावणीला सगळ्या मिळून एकेकीच्या शेतात उतरतो आणि आधी कुणाचं शेत, यावरून दरवर्षी तोंडं फुगतात. यंदा क्रम हिनं ठरवला आणि स्वतःचं शेत शेवटी ठेवलं. तिची रोपं वाफ्यातच वाढून गेली, दीर चिडले, पण बायकांत भांडण झालं नाही. माझं शेत तर सगळ्यांच्या आधी उरकलं होतं. नेमकं तेव्हाच हे आठवायला नको होतं.

मी उठून माझा दाणा मुद्दाम कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीपुढे ठेवला.

"माझ्यापुढं कशाला गो?" ती म्हणाली. "मला उठाया नाय येत."

सगळ्या हसल्या. मॅडमनी धाकटीचं नाव लिहून घेतलं. मी माझ्या जागेवर परतले, तर तिथं एक दाणा ठेवलेला. माझा म्हातारीपुढे, बाकी सगळे धाकटीपुढच्या ढिगात होते, म्हणजे हा तिचाच.

"ताई, मी तर तुमालाच हाक मारते ना," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

धड जळूही दिलं नाही तिनं मला.