तात्यांच्या खिशाला लावलेला लाल टॅग

बिरू तात्यांना मी नापास केलं होतं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

"मॅडम, स्वतःला दोष देऊ नका" असली कमेंट कुणी टाकू नका. डिलीट करीन.

शिरवळच्या एका कंपनीत मी दर शनिवारी इंग्लिश शिकवायचे. साताऱ्याहून सकाळची एसटी, गेटवर पास, कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये क्लास. समोर वीस कामगार, बहुतेक चाळिशीच्या पुढचे.

फॉरेनचे कस्टमर ऑडिटला येणार होते. प्रत्येकाने आपल्या जागेवर उभं राहून आपलं काम इंग्लिशमध्ये सांगायचं. आठ वाक्यं.
जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर पॅकिंगला.

तात्या इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार पीस तपासायला होते. मूळचे माण तालुक्यातले, वडील मेंढरं घेऊन फिरायचे. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. पीसवर अंगठा फिरवला की सांगायचे, "ह्यो न्हाई चालायचा."
मापाचं गेज लावून बघावं तर खरंच नाही चालायचा.

क्लासमध्ये मात्र तोंड उघडायचं नाही.

आता माझी हुशारी ऐका.

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांना ईमेलचं इंग्लिश शिकवायचे, तेव्हा मराठी बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम होता. लय मजा यायची. इथं म्हटलं, काहीतरी कंपनीला शोभेल असं करू.

कंपनीत खराब पीसला लाल टॅग लावतात. रिजेक्ट.
मी स्टोअरमधून एक टॅग मागून घेतला. क्लासमध्ये जो मराठी बोलेल, त्याच्या खिशाला तो टॅग.

आम्हा शिकवणाऱ्यांत याला 'ॲक्टिव्हिटी' म्हणतात. एचआरच्या साहेबांना जाम आवडली.

पहिल्याच दिवशी तात्या शेजाऱ्याला म्हणाले, "पानी दे रं."
लावला टॅग. सगळे हसले.

क्लास सुटला आणि मी तो काढायला विसरले.

तात्यांनीही काढला नाही. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, असा तिथला नियम. सव्वीस वर्षं पाळलेला. अख्खी शिफ्ट ते रिजेक्टचा टॅग लावून टेबलाशी उभे राहिले.

कुणीतरी फोटो काढला. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. "तात्या रिजेक्ट." खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग.
त्यातला एक माझा.

हो, माझा. मला वाटलं, किती स्पोर्टिंग माणूस!

त्यानंतर तात्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. पहिल्या रांगेत बसायचे. उभं केलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

फायनल टेस्टला मी त्यांना तीनदा उभं केलं. "कमॉन तात्या, निदान युवर नेम तरी!"
परत सगळे हसले. मीही.

सुटल्यावर ते जिन्यात थांबले होते.
"मॅडम, पास करा म्हनत न्हाई. पन येवढं लिवा की मानसाला काम येतंय."
"तात्या, मी कामाचे मार्क देत नाही हो. इंग्लिशचे देते."
"व्हय, बरुबर हाय तुमचं," म्हणाले आणि खाली गेले.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'नॉट फिट'.

सोमवारपासून तात्या पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्टी लावायला. पाच महिन्यांनी अटॅक आला. शुगर होती म्हणे.
असेल.

ऑडिट झकास झालं होतं. मला कंपनीने बुके दिला होता, तो फोटो इथेच खाली सापडेल तुम्हाला. शंभरावर लाइक आहेत.

दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. त्यांच्या बायकोने चहा ठेवला.
"तुमीच का त्या विंग्रजीच्या मॅडम?"
मी मान हलवली. आता शिव्या देतील, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकू शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत सुरुवात केली.
"माय नेम इज बिरू. आय वर्क इन इन्स्पेक्शन. आय चेक एव्हरी पीस..."

आठच्या आठ वाक्यं. न अडखळता.



"रोज पाटं मी भाकरी थापायची आन् ह्ये म्होरं बसून म्हनायचे. ऐकून ऐकून मलाच पाठ झालं. म्या म्हनायची, आवं, मग तितं का बोलत न्हाई? तर म्हनायचे, त्या बाईंम्होरं जीभच उचलत न्हाई गं."

मी कप खाली ठेवला.

"बरुबर हाय का वो सगळं?"
"बरोबर आहे काकू."
"मग नापास का केलं?"



तात्या, नमस्कार करते. माफी मागायला तोंड नाही मला.