दादांचा पहिला श्रोता

अमेरिकन बँजोवर औषधापेक्षा जास्त श्रद्धा असलेला फार्मासिस्ट जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. नव्वदच्या दशकात इथल्या पापाटोएटो उपनगरात त्यांची फार्मसी होती आणि घरच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड कंपनी. कंपनी म्हणजे ते स्वतः, एक टेपरेकॉर्डर आणि वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या सरकवून केलेली जागा. रेकॉर्डी काढायच्या त्या फक्त अमेरिकेतल्या जुन्या लोकसंगीताच्या. वाजवणारे मात्र इथलेच, कुणी मेंढ्यांची लोकर कातरणारा, कुणी निवृत्त बसड्रायव्हर. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यालाही ते काही वाजवता का म्हणून विचारून ठेवत. गॅरेजच्या दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढायला लावत, कारण पावलं टेपवर वाजतात. एकदा शेजाऱ्याचं लॉनमोअर टेपवर आलंच, तर ते पुसायचं सोडून दादांनी वादकांच्या यादीत त्या शेजाऱ्याचं नाव छापलं. वहिनी म्हणाल्या, "मी इतकी वर्षं बरण्या हलवतेय, माझं नाव कुठाय?" पुढच्या रेकॉर्डवर तेही आलं.

टेपची नक्कल करणं त्यांना पटत नसे. आवाज शिळा होतो, म्हणत. मूळ टेपच ते परदेशातल्या कारखान्याला पाठवत. तिथून आधी नमुन्याची एक रेकॉर्ड येई. स्वतःच्या कानांवर प्रेमापोटी भरवसा ठेवू नये, असं दादांचं मत. म्हणून ती बाहेरच्या एकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि सगळं ठीक आहे अशी कागदावर सही करायची. तो बाहेरचा एक म्हणजे मी.

इथल्याच पेनरोज भागातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. त्याच्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं त्याच्या बायकोने म्हटलं होतं. नमुना येईपर्यंत ती वारली. तो नमुना माझ्याकडे आला त्या शनिवारी टीव्हीवर क्रिकेट होतं. मी दोन गाणी ऐकली, सुई उचलली आणि सही केली.

"जावईबापू, सगळी ऐकलीत ना?" दादांनी विचारलं.

"हो, छान झालीय," मी म्हणालो.

होकार मिळताच परदेशातल्या कारखान्याने रिवाजाप्रमाणे मूळ टेप पुसून टाकली. रेकॉर्डींचे खोके आले तेव्हा कळलं, शेवटचं गाणं मध्येच तुटलं होतं. नमुन्यातही ते तसंच तुटलेलं होतं.

म्हातारा गॅरेजमध्ये आला तेव्हा मीही तिथे होतो. दादांनी त्याला सरळ सांगितलं, "चूक माझी, मी नक्कल ठेवायला हवी होती." माझ्या सहीचा कागद त्यांच्या फाइलीत होता. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, आणि मीही केला नाही. म्हातारा म्हणाला, तरी लावा. गाणं तुटलं तिथून उरलेलं कडवं त्याने स्वतःच, गुडघ्यावर हात ठेवून, हळू आवाजात म्हटलं. समोर कुणी गात असताना दादांनी टेप चालू केली नाही, असं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

दादांनी मला कधीच काही विचारलं नाही. पुढचा नमुनाही माझ्याकडेच पाठवला. तो मी दोनदा ऐकला. पण खरं सांगायचं राहून गेलं. त्या बाईंच्या आवाजात ते कडवं ऐकलेली माणसं दोनच होती. म्हातारा केव्हाच गेला, आणि मागच्या हिवाळ्यात दादाही गेले.