तंबाखूच्या डबीतलं मीठ

लोणच्याचा वास आला की मला माझी तंबाखूची डबी आठवती. किडन्या खराब म्हणून डॉक्टरनं मीठ बंद केलं, अन् बायको अळणी वरण वाढायला लागली. मी लई हुशार! जवळा बाजार गावातून तंबाखूची डबी आणली, तिच्यात मीठ भरलं, अन् तिची पाठ वळली की वरणात चिमूट टाकायचो. एका दुपारी तिनं डबी हिसकली. "ह्या तंबाखूपायी मराल तुमी!" उघडली तर पांढरं. जिभेला लावलं अन् म्हणली, "तंबाखू असती तर बरं झालं असतं वो." मी दात काढले, "खाल्ल्या मिठाला जागंन की मी." ती हसली न्हाई. आता हप्त्यातून दोनदा हिंगोलीला मशीनवर रक्त धुवून येतो. परवा डॉक्टरनं तिला एकटीलाच आत बोलावलं. काल तिनं आपल्याच हातानं माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढली. काहून, ते मी इचारलं न्हाई.